आतषबाजीचे फोटो शिकायला गेलो आणि १६,९९९ रुपये घालवून बसलो

आकडा आधीच सांगतो. १,४९९ नोंदणीचे, ३,५०० 'गच्ची आणि पोलीस परवानगी'चे, ६,००० लेन्सची अनामत आणि पुन्हा ६,०००. एकूण १६,९९९ रुपये. शेवटचे सहा हजार अजून झोपू देत नाहीत, त्यावर येतोच.

दिवाळीत मरीन ड्राइव्हची आतषबाजी नीट टिपायची हे माझं जुनं वेड. डोंबिवलीहून लोकलमध्ये ट्रायपॉड सांभाळत जायचं, तिथे कुणाचा तरी धक्का लागतो आणि फोटोत प्रकाशाच्या रेघांऐवजी गांडुळं उमटतात. त्यात २०१८ साली सुप्रीम कोर्टाने दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली, म्हणजे शिकायला वर्षातून दोनच तास. तेव्हा 'गिरगाव चौपाटीसमोरची गच्ची, पंधराच जागा' अशी फोटोग्राफी वर्कशॉपची जाहिरात दिसल्यावर पैसे भरले. हसायचं त्याने हसावं.

आणि वर्कशॉप घेणारा माणूस अडाणी नव्हता हो! आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८ ते एफ ११, शटर बल्ब मोडवर, म्हणजे बटण दाबून ठेवाल तेवढा वेळ उघडं. रॉकेट सुटताना उघडायचं, फूल विझलं की मिटायचं. फोकस लांबच्या दिव्यावर जुळवून मॅन्युअल करून टाकायचा. दोन फुलांच्या मधल्या वेळात लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा, म्हणजे एकाच फ्रेममध्ये तीन-चार फुलं येतात. सगळं बरोबर. असं बोलणाऱ्यावर तुम्ही तरी संशय घेतला असता का?

पण एक क्षण होता. वर्कशॉपच्या ग्रुपवर 'मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे' फोटो आले. सोनेरी झिरमिळ्या आकाशातून थेट पाण्यापर्यंत उतरलेल्या, आणि खाली लिहिलेलं: शटर १/५००, आयएसओ ३२००. अहो, सेकंदाच्या पाचशेव्या भागात ठिणगीचा ठिपका दिसतो, झिरमिळी नाही! एवढी लांब रेघ यायला शटर काही सेकंद उघडं लागतं. हे मला माहीत होतं. मी विचारलंसुद्धा. 'टायपिंग मिस्टेक, सर,' एवढंच उत्तर, आणि लगेच खाली पाच-सहा जणांचं 'पैसे भरले सर', 'मीपण भरले सर'. मी गप्प बसलो. तोच फोटो गूगल लेन्सवर (फोटो मुळात कुठला ते शोधून देणारं अ‍ॅप) टाकायला एक मिनिट पुरलं असतं. नंतर टाकला, तर परदेशातल्या कुठल्याशा बंदराचा निघाला. तुम्ही आधी टाका. आणि गच्ची कुणी विकत असेल तर त्या सोसायटीच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारा.

आदल्या दिवशी दुपारी फोन: परवानगी रद्द झाली, अनामत परत करतोय, क्यूआर स्कॅन करा. पैसे यायला पिन लागत नाही, हे आमच्या आईला मीच शिकवलंय. आणि पिन मीच टाकला, मीटिंग चालू असताना, टेबलाखाली. तेच ते शेवटचे सहा हजार. ते वेळ बघूनच फोन करतात. कामात असाल तर उचलूच नका.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मिळाला. मग पोलीस ठाणं. 'गच्ची गिरगावची म्हणता ना? मग हद्द तिकडची.' गच्ची नाहीच आहे हो, तीच तर तक्रार आहे! तिकडे गेलो तर, 'पैसे डोंबिवलीतून गेले ना?' नव्या कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते, असं म्हटल्यावर साहेब विचारतात, 'वकील आहात का?' आणि वर, 'एवढ्या पैशांत फटाकेच फोडले असते की!' हे ऐकायला मी रजा टाकून गेलो होतो.

बँकेची तऱ्हा वेगळी. पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक पुढे केलं, तर म्हणे ते ग्राहकाला न विचारता झालेल्या व्यवहारांसाठी आहे. (ते खरंच तसं आहे, म्हणून राग जास्त.) मग निदान समोरचं खातं गोठवा? 'पोलिसांचं पत्र आणा.' पोलीस म्हणतात, 'स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणा.' शिक्का आणला तर साहेब बंदोबस्तावर! तोवर त्या खात्यात काय उरलं असेल? व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक) आणि ग्रुपचे स्क्रीनशॉट आधी जपून ठेवा, मी चिडून ग्रुप सोडला आणि अर्धा पुरावा घालवला. १९३० ला मात्र पहिल्या तासातच फोन करा, घरच्यांना काय सांगू हा विचार मागाहून.

तक्रार पोर्टलवर अजून 'अंडर प्रोसेस' आहे. आणि मे महिना लागला तशी तीच भाषा, तेच 'पंधराच जागा' पुन्हा दिसायला लागलंय. या वेळी भंडारदऱ्याचे काजवे, रात्रीचं कॅम्पिंग, लेन्स अनामत भरून मिळेल. नोंदणी १,७९९ रुपये. माझ्या वेळेपेक्षा तीनशेने वाढवलीय.