तिकीट खरं होतं, तरी आम्ही गेटबाहेर

मोठ्या बँडच्या शोची तिकिटं व्हॉट्सॲपवर अनोळखी माणसाकडून घ्यायच्या विचारात असाल, तर आधी हे वाचा. आम्हाला मिळालेलं तिकीट खरं होतं. क्यूआर कोड खरा, बुकिंग नंबर खरा. फक्त तेच तिकीट त्या माणसानं आणखी किती जणांना विकलं होतं, हे गेटवर पोचल्यावर कळलं.

17 मे 2025 ला गन्स अँड रोझेस हा अमेरिकन रॉक बँड मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवणार होता. याआधी हा बँड भारतात आला तो डिसेंबर 2012 मध्ये, पण तेव्हा त्यांचा गाजलेला गिटारवादक स्लॅश त्यांच्यात नव्हता. तो आणि बास गिटार वाजवणारा डफ मॅकेगन बँडमध्ये परतले 2016 साली. म्हणजे गायक ॲक्सल, स्लॅश आणि डफ हे तिघं भारतात एका स्टेजवर पहिल्यांदाच दिसणार होते. सांगलीत कॉलेजला असताना आम्ही त्यांच्या कॅसेट भरून आणायचो. स्लॅशची सोलो वाजवता यावी म्हणून माझ्या मावसभावानं बोटांची सालटी निघेपर्यंत गिटार घासलीय. त्याची गिटार बिघडली की मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले एक काका प्रेमानं नीट करून द्यायचे. हा कार्यक्रम आमच्यासाठी काय होता, ते एवढ्यावरून समजावं.

पगार झाल्यावर तिकिटं काढायची असं ठरलं होतं. पगार झाला तोवर आम्हाला हवा होता तो स्टेजजवळचा भाग ॲपवर मिळेना. मग मावसभावानं एका फॅन ग्रुपवर ‘तीन तिकिटं हवीत’ असं टाकलं आणि थोड्याच वेळात मेसेज आला. माणूस म्हणाला, माझ्याकडे तीनच आहेत, सख्ख्या चुलतभावाचं लग्न नेमकं त्याच तारखेला निघालं, आता जाता येत नाही. मे महिन्यातलं लग्न! यावर कोण शंका घेईल? किंमतही त्यानं वाढवून सांगितली नाही. उलट, ‘माझे घातलेले पैसे निघाले तरी बास,’ म्हणाला आणि तिघांचे मिळून 24 हजार सांगितले.

यापुढचं जरा नीट वाचा, कारण आम्ही तपास केला नाही असं नाही. सगळं विचारून, बघून घेतलं आणि प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे उत्तर तयार होतं.

पहिली गोष्ट बोली. माझ्या मावसभावाच्या प्रोफाइलवर सांगली लिहिलेलं आहे. विकणाऱ्याचा व्हॉइस मेसेज आला तो असा: ‘दादा, काळजी करू नगा, मी बी तासगावचाच हाय. आता पुण्यात असतोय. आपल्या माणसाला कशाला फशिवतोय?’ हे ऐकलं आणि आमचा निम्मा संशय तिथंच गळाला. नंतर गेटवर भेटलेल्या नाशिकच्या मुलाला तोच माणूस ‘मी सिन्नरचा’ म्हणाला होता.

दुसरी गोष्ट व्हिडिओ. फोटो कुणीही बनवतो, म्हणून आम्ही व्हिडिओ मागितला. त्यानं स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवला: ॲप उघडलं, बुकिंगमध्ये गेला, तिकीट उघडलं, वरखाली सरकवून दाखवलं. वर मोबाइलचं घड्याळ चालू. सगळं अस्सल, कारण तिकीट त्याच्याकडे खरंच होतं. तिकीट आहे एवढंच व्हिडिओ सांगतो. ते उद्या आणखी कुणाला जाणार नाही, हे कुठलाच व्हिडिओ सांगू शकत नाही.

तिसरी गोष्ट आधार कार्ड. न मागता पाठवलं. खरं सांगतो, न मागता कुणी आधार पाठवला तर तिथूनच सावध व्हा. ज्याला स्वतःचं नाव जपायचं असतं, तो अनोळखी माणसाला आधार वाटत फिरत नाही. ते कार्ड दुसऱ्याच कुणाचं होतं. कदाचित आमच्याआधी फसलेल्या एखाद्याचं.

चौथी गोष्ट पैसे. निम्मे आधी, निम्मे पीडीएफ आल्यावर. हे त्यानं आपणहून सुचवलं, त्यामुळे व्यवहार सरळ वाटला. पैसे भरायचा क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं ते वेगळंच. ‘मामाचं खातं हाय, माझी लिमिट संपली,’ म्हणाला. पैसे पाठवताना स्क्रीनवर येणारं नाव खातेदाराचं असतं. समोरचा माणूस एक आणि नाव दुसरं, एवढं दिसलं की व्यवहार तिथंच थांबवावा, मग मामा असो की काका. पीडीएफ आलं, उरलेले पैसे गेले. त्यावर त्याचा मेसेज आला: ‘मज्जा करा दादा, माझ्या वाटणीचं पण नाचा.’

आम्ही रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सांगलीहून निघालो. बँडचे काळे टीशर्ट गाडीतच घातले होते. मावसभाऊ वरच्या बर्थवर हेडफोन लावून रात्रभर जागा. सकाळी दादरला उतरलो, दिवस काढला आणि ऊन कलल्यावर रेसकोर्सच्या रांगेत लागलो.

गेटवरच्या मुलीनं मोबाइलवर मशीन धरलं. आवाज वेगळाच आला. पुन्हा धरलं. ‘सर, ये ऑलरेडी स्कॅन हो चुका है.’ दुसरं तिकीट, तेच. तिसरं, तेच. तिचा काहीच दोष नव्हता, ती शांतपणे बाजूला व्हायला सांगत होती. बाजूला आधीच काहीजण उभे होते. नाशिकच्या त्या मुलानं आपलं पीडीएफ उघडलं. दोन मोबाइल शेजारी धरून आम्ही बुकिंग नंबर एकेक अक्षर करत वाचला. शेवटच्या आकड्यापर्यंत एकच. आमच्याआधी जो कुणी आत गेला, त्यानंही बहुतेक याच माणसाला पैसे दिले असतील. तो फक्त लवकर पोचला होता.

तासाभरानं आतून ड्रम ऐकू येऊ लागले. रस्त्यावर गिटार नीट पोचत नव्हती, लोकांचा गलका तेवढा पोचत होता. मावसभाऊ काही बोलला नाही. चाळिशीच्या माणसाला रस्त्यावर डोळे पुसताना बघणं फार वाईट असतं. 24 हजारांपेक्षा त्या विकणाऱ्याचा राग मला यासाठी येतो.

त्याचा नंबर तोवर बंद झाला होता. मी तिथूनच 1930 ला फोन लावला. हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर लावाल तितके पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. त्यांनी यूपीआयचा व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ हे सगळं विचारलं, म्हणून पेमेंटचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. आमचं दुर्दैव असं की पैसे देऊन बरेच दिवस उलटले होते. रकमेचा फार थोडा भाग एका खात्यात अडकलेला सापडला, बाकी पुढे निघून गेला होता. सांगलीत परतल्यावर सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. ते म्हणाले, असली खाती बहुतेक भाड्यानं घेतलेली असतात, खातेदाराला दोन-चार हजार मिळतात आणि खरा माणूस मागं राहतो.

बँकेत मी भरपाईचं विचारलं. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम बरेचजण सांगतात, की तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. पण तो आपल्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. आपण स्वतः पिन टाकून पैसे पाठवले, तर तो नियम कामाला येत नाही.

हे फक्त आमच्याच बाबतीत घडलेलं नाही. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या जानेवारी 2025 च्या नवी मुंबईतल्या शोच्या तिकिटांवरून आधीच एवढा गोंधळ झाला, की ईडीनं ऑक्टोबर 2024 मध्ये पाच शहरांत छापे घातले. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, टेलिग्रामवरून तिकिटं विकली जात असल्याचं त्यात पुढं आलं. आपल्याकडे हे लवकर लक्षात येत नाही. आम्ही मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला मोठमोठ्या गवयांना मांडी घालून, तिकिटाशिवाय ऐकत वाढलो. तिकिटाच्या बाजारात काय काय चालतं, ते कुणी शिकवलंच नव्हतं.

घ्यायचंच असेल तर ज्या ॲपवर तिकीट विकलं गेलं, त्याच ॲपमधून ते तुमच्या नावावर आणि तुमच्या नंबरवर ट्रान्सफर होत असेल तरच घ्या. तशी सोय नसेल तर विकणाऱ्याला गेटवर बोलवा, तिकीट स्कॅन होऊन तुम्ही आत पाऊल टाकलं की मग पैसे द्या. तो यायला तयार नसेल तर सोडून द्या.

आणि त्या तारखेचं पीडीएफ तुम्हालाही असंच कुणी विकलं असेल, तर रक्कम लहान म्हणून गप्प बसू नका. आपापल्या जिल्ह्यात तक्रार द्या. एकाच खात्यावर जितक्या तक्रारी जमतात तितका तपास पुढं सरकतो, असं आम्हाला पोलिसांनीच सांगितलंय. नाशिकच्या त्या मुलानं दिलीय, आम्ही दिलीय. त्या दिवशी गेटशेजारी उभे असलेले बाकीचे कुठले होते, ते आम्हाला विचारायचं राहून गेलं.