बी.लिब. विद्यापीठात बसून करावं की मुक्तमधून?

कागलकडची एक मुलगी परवा भेटायला आली. गावच्या 'क' वर्ग (सरकारी दर्जाच्या अ ते ड उतरंडीतला तिसरा) वाचनालयात देवघेव बघते. बी.कॉम. झालंय, आता बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी करायचीय. शिवाजी विद्यापीठात रोज येऊन, की नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून?

कागदावर दोन्ही पदव्यांना मान सारखाच. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर पुढं एम.लिब.ला साधारण 55 टक्के आणि नेट-सेट या पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. लागतेच, बी.लिब. कुठूनही केलेलं असो. फरक पडतो तो हाताला वळण लागण्यात.

वर्गीकरणाचंच घ्या. गुऱ्हाळावरचं पुस्तक समोर आलं. ड्युईत, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यायच्या पद्धतीत, उसाची शेती 633.61 ला, साखर-गुळाचं तंत्र 664.1 ला. दोन्ही विषय निम्मे-निम्मे असतील तर आधी येणारा क्रमांक द्यायचा, हा नियम घरी बसून पाठ होतो. पण हे पुस्तक खरंच निम्मं-निम्मं आहे का? ते ठरवायला अनुक्रमणिका चाळावी लागते, आणि शेजारच्या बाकावरून कुणीतरी "अगं, सगळा भर काहिलीवरच, रस आटवण्यावरच आहे की" म्हणावं लागतं. ही वादावादी विद्यापीठात मिळते. शिवाय बॅ. खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र हाताशी असतं.

मुक्तमध्ये अशी वादावादी कमी मिळते. पण तिथले बरेचजण आधीच कुठल्यातरी वाचनालयात असतात. दाखल नोंदवही, हरवलेली पुस्तकं, अनुदानाचे कागद हे त्यांनी भोगलेलं असतं. रेग्युलरच्या पोराला ते नोकरीत कळतं. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट असल्यानं जुन्या संगणकावरही हात बसवता येतो.

एका बाबतीत मात्र आपलं सगळंच क्षेत्र मागं आहे, ते म्हणजे मराठी शोध. 'गुऱ्हाळ'मधला 'ऱ्हा' दोन तऱ्हेनं टंकता येतो. डोळ्याला एकच दिसतो, संगणकाला दोन. त्यामुळं पुस्तक कपाटात असून शोधात सापडत नाही. जुन्या डीटीपी फॉन्टातल्या (युनिकोड नसलेल्या) याद्यांची तर गोष्टच नको. यावर कुणीतरी पीएच.डी. करायला हवी. माझ्या टेबलावर मात्र वर्षाला ढीगभर प्रश्नावल्या येतात : 'आपल्या ग्रंथालयातील सेवांबाबत वाचक समाधानी आहेत काय?' तालुका बदलला की नवा प्रबंध. (मीही खुणा करून परत पाठवतो, म्हणजे पापात वाटेकरी आहेच.) खरं तर विषय दाराशी पडलेत. करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानात 1945 ला झाला, म्हणजे स्वतंत्र भारतातल्या पहिल्या, मद्रासच्या 1948 च्या कायद्याआधी. महाराष्ट्राचा तर 1967 चा. म्हणून संशोधनाकडं जायचं असेल तर विभागात बसावं. मार्गदर्शकाशी रोज गाठ पडते आणि विषय निवडतानाच कुणीतरी कान धरतं.

त्या मुलीला मी मुक्तच सांगितलं. काउंटर सोडला तर मानधन जातं, आणि तिच्या घरी ते मोजून लागतं. फक्त अट घातली : दर शनिवारी वाचनालयातली दहा पुस्तकं पिशवीत घालून आणायची आणि माझ्याकडच्या ड्युईच्या खंडांशी भांडायचं. ज्याला अशी नोकरी नाही आणि केएमटी बसचा पास परवडतो, त्यानं मुक्तचा फॉर्म भरू नये, गप विद्यापीठात जाऊन बसावं.