बिनानांगरटीचं सोयाबीन आणि शंखी गोगलगाय: मेटाल्डिहाइडच्या गोळ्या हंगामभर वापरल्यानंतर

मृगाच्या पहिल्या पावसापासून रास (मळणी) होईपर्यंत मेटाल्डिहाइड या गोगलगाय मारायच्या विषाच्या २.५ टक्क्यांच्या गोळ्या, गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट आणि हाताने वेचणी हे तिन्ही उपाय मी एकाच रानात वापरले. रान लातूर जिल्ह्यातलं, मध्यम काळं, एका अंगाला ओढा. गादीवाफे कायमचे ठेवलेत आणि नांगर, रोटाव्हेटर काही वर्षांपासून बंद आहे. हरभरा निघाला की धसकटं जागेवरच राहतात आणि त्यातच सोयाबीन टोकतो. शून्य मशागत धरलेल्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय. गोगलगायीवरचा बहुतेक सल्ला ‘उन्हाळ्यात खोल नांगरट करा’ इथूनच सुरू होतो आणि आपण नेमके तिथेच अडतो.

तो सल्ला चुकीचा नाही. ही गोगलगाय कोरड्या दिवसांत शंखाच्या तोंडावर पापुद्रा धरते आणि मातीत महिनोन्‌महिने पडून राहते. नांगरटीने ती आणि तिची अंडी उन्हात उघडी पडतात. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे अंडी सगळ्याच घालतात आणि एका खेपेला शंभरापासून चारशेपर्यंत घालतात. आपण नांगरत नाही, वर काडाचं आच्छादन ठेवतो, म्हणजे तिला ओल आणि सावली दोन्ही मिळतं. ‘बिनानांगरटीच्या रानात गोगलगाय वाढणारच’ असं गावातली जाणती माणसं म्हणायची, त्यात तथ्य आहे. पण २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवमध्ये गोगलगायींनी सोयाबीनचे कोंब फस्त केले आणि लोकांवर दुबार पेरणीची वेळ आली, तेव्हा त्यातली बहुतेक रानं नांगरलेलीच होती. म्हणून सगळं खापर धसकटांवर फोडायला मी तयार नाही.

माझ्या रानात गोगलगाय होती ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. दगडांच्या ढिगात, ओढ्याकाठच्या झुडपांत, गेल्या सालच्या गुळीच्या (मळणीनंतरच्या भुसकटाच्या) ढिगाखाली. गादीवाफ्यांवर पहिल्या पावसानंतर फार थोड्या सापडल्या. रात्री धुऱ्यावरून आत यायचं, कोंब खायचे आणि उन्हं चढायच्या आत परत सावलीला जायचं, हा त्यांचा क्रम. नुकसानही कडेच्या तासांपासून सुरू झालं. हे कळल्यावर सगळ्या रानात गोळ्या फेकायचा विचार मी सोडून दिला.

आधी गोणपाटाबद्दल सांगतो, कारण पैसे न लावता सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. दहा लिटर पाण्यात किलोभर गूळ विरघळवायचा, त्यात गोणपाट भिजवायचं आणि संध्याकाळी धुऱ्याच्या आतल्या अंगाला अंतराअंतरावर टाकायचं. सकाळी लवकर जाऊन खाली जमलेल्या गोगलगायी उचलायच्या. लोक याकडे मारायचा उपाय म्हणून बघतात, मी मात्र त्यावरून अंदाज घेतला. कोणत्या धुऱ्याच्या पोत्याखाली जास्त निघतात, कोणत्या अंगाला काहीच नाही, हे दोन-चार सकाळींत ध्यानात येतं. गोळी कुठे टाकायची हे त्यावरून ठरतं. हे काम टोकणीच्या आधी, पहिला दमदार पाऊस पडल्याबरोबर सुरू झालं पाहिजे. सोयाबीनची दलपत्रं (बियातून निघणारी पहिली दोन जाड पानं) आणि शेंडा उगवतानाच जमिनीवर येतात. दलपत्रांच्या खाली कुरतडलं तर ते रोप पुन्हा फुटत नाही, नांग्या भराव्या लागतात, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोकावं लागतं. तीन-चार पानं नीट फुटली की मग पीक बऱ्यापैकी तग धरतं. पुढच्या महिनाभरात कितीही पळापळ केली, तरी उगवणीच्या त्या पंधरवड्यात गेलेली रोपं परत येत नाहीत.

आता गोळ्या. शिफारस एकरी २ किलोची आहे. मी त्या धुऱ्यालगत आणि कडेच्या सऱ्यांमध्ये, दिवस मावळताना, विरळ पसरल्या. ढीग करायचे नाहीत. परिणाम दुसऱ्या सकाळी दिसतो: गोगलगाय खूप चिकट स्राव सोडते, सुस्त होते आणि ऊन पडलं की वाळून मरते. यातलं ‘ऊन पडलं की’ हे महत्त्वाचं. हे औषध तिच्या अंगातला ओलावा घालवून काम करतं. दोन-तीन दिवस उघडीप मिळाली तेव्हा निकाल फार चांगला होता, सरीत शंखच शंख पडलेले. झड लागली तेव्हा गोळ्या फुगून विरघळल्या, आणि सुस्त पडलेल्या गोगलगायींतल्या काही पुन्हा चालू लागलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. म्हणून गोळी टाकून निर्धास्त राहू नका, सकाळी सुस्त पडलेल्याही उचलून घ्या. आकाशात झड दिसत असेल तर पिशवी फोडूच नका.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. ही गोळी आमिषाची असते, आणि ते आमिष कुत्र्याला, कोंबडीला, जनावरालाही गोड लागतं. कुत्र्याने खाल्ली तर झटके येतात, जीव जातो. आमच्याकडे गोळ्या टाकल्यापासून त्या कडेला शेरडं सोडली नाहीत आणि कुत्रं बांधून ठेवलं. ब्रिटनमध्ये २०२२ च्या मार्चअखेर मेटाल्डिहाइडचा उघड्यावरचा वापर बंद झाला, तो पक्ष्यांना आणि प्राण्यांना असलेल्या धोक्यामुळेच. तिथेही बिनानांगरटीच्या गहू-मोहरीत बिनशंखाच्या गोगलगायींचा मोठा ताप आहे आणि शेतकरी आता फेरिक फॉस्फेट या लोहयुक्त औषधाच्या गोळ्यांवर आलेत. गूळ-भुशात कीटकनाशक कालवून धुऱ्यावर टाकायची जी पद्धत मोबाईलवर फिरते, तिला माझा ठाम विरोध आहे. कोणाच्या जनावराच्या तोंडात ते जाईल याचा काही नेम नाही.

वेचणी कंटाळवाणी आहे, मजुरी लागते, पण भरवशाची आहे. उघड्या हाताने वेचू नका. या गोगलगायीत उंदरांकडून आलेला एक जंत असू शकतो, तो माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतो. हातमोजे नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी वापरायची आणि नंतर हात साबणाने धुवायचे. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बादलीतच मारायच्या आणि खड्ड्यात चुना टाकून पुरायच्या. रानात मीठ फेकणं मात्र बंद करा, आपल्या काळ्या जमिनीला ते परवडणारं नाही. धुऱ्यावर चुन्याची पट्टीही ओढून पाहिली. कोरडी असेपर्यंत ती अडवते, पाऊस आला की धुऊन जाते. शेवग्याच्या आणि पपईच्या खोडांना लावलेली बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) त्यापेक्षा पुष्कळ टिकली.

आणखी एक, आनंदाने सांगावंसं वाटतं. रान नांगरत नाही तेव्हापासून धुऱ्याकडे काजवे जास्त दिसतात, आणि काजव्याच्या अळ्या गोगलगायी खातात. भारद्वाजही शंख फोडून खाताना दिसतो. त्यांच्या भरवशावर पीक सोडता येत नाही हे खरं, पण सरसकट विष पसरताना माझा हात आखडतो तो त्यांच्यामुळेच.

नांगर परत लावणार का, असं बरेच जण विचारतात. नाही. झडीत पाणी सरीतून निघून जातं, माती भुसभुशीत राहते, डिझेल वाचतं, आणि रानाच्या मध्यावर उगवण चांगली झाली. जे गेलं ते कडेचं. ओढ्याच्या अंगाला शेजारच्या भाऊंचं रान आहे. त्यांनी वेचलं नाही तेव्हा आमच्या त्या कडेला तुटाळ (रोपांविना रिकामी जागा) राहिली, आणि दोघांनी एकाच आठवड्यात पोती टाकली तेव्हा फरक लगेच दिसला.

रास झाल्यावर आता गोगलगायी धुऱ्याच्या मातीत तोंड बंद करून बसल्यात. यंदा गोळ्यांची खरेदी निम्मी करतोय. उरलेले पैसे दगडांचे ढीग हलवायला, जुनी गुळी उचलायला आणि फक्त धुऱ्याची कड कुदळीने उकरायला लावणार आहे. वाफ्यांना हात लावायचा नाही. भाऊंनीही त्यांच्या बाजूने उन्हाळ्यात तेवढंच करायचं कबूल केलंय.