तोस्त्रोमचा कोणता अल्बम आधी घ्यावा : २००५चा की २०१२चा?

स्वीडिश गायक योआकिम तोस्त्रोमचा एकच अल्बम घ्यायचा तर कोणता, असं अलीकडे दोघातिघांनी विचारलं. एब्बा ग्रोन (पंक) आणि इम्पेरिएत (रॉक) या बँडमधला तोस्त्रोम तुम्हाला माहीत आहे असं धरतो. प्रश्न आहे तो नंतरच्या तोस्त्रोमचा, पन्नाशीच्या आसपास आवाज खाली आणून स्वतःचं आयुष्य सांगायला बसलेल्या माणसाचा. तिथे माझ्या मते निवड दोघांतच आहे : २००५चा ‘स्केबोक्वार्न्सव. २०९’ आणि २०१२चा ‘बेव्हेप्ना देई मेद व्हिंगार’, म्हणजे ‘पंखांनी सज्ज हो’. दोन्ही माझ्याकडे आहेत आणि दोन्हींवर माझा जीव आहे.

२०१२चा अल्बम जास्त भारदस्त, हे आधीच मान्य करतो. नव्वदच्या दशकात तोस्त्रोमचा मुक्काम आम्स्टरडॅमला होता. तिथे तो ‘पीस, लव्ह अँड पिटबुल्स’ या बँडबरोबर कारखान्याच्या खडखडाटासारखं संगीत करायचा, तेही इंग्रजीत. ते लोखंड २०१२च्या अल्बममध्ये परत येतं, पण संथ होऊन. गाण्याखाली एक जड घरघर सतत चालू असते आणि तिच्यावर तो जवळजवळ बोलत गातो. डिसेंबरात स्टॉकहोमला दुपारी तीनच्या सुमारास अंधारून येतं. अशा वेळी घरात दिवा न लावता ‘समरकांदा’ ऐकलं की काही वेळ काहीच सुचत नाही.

२००५च्या अल्बमचं नाव म्हणजे चक्क पत्ता आहे. शेवटचा ‘व.’ म्हणजे ‘व्हेगेन’, रस्ता. आपण पाकिटावर ‘मु. पो.’ लिहितो तसं ते आखडून लिहिलंय. स्टॉकहोमच्या दक्षिणेला होग्दालेनमध्ये तो वाढला, तिथला हा पत्ता. १९७७ साली एब्बा ग्रोन सुरू झाला तो रॉग्सवेदमध्ये, मेट्रोने पुढच्याच स्टेशनवर. तेव्हा अख्ख्या व्यवस्थेवर ओरडणारा पोरगा ४८व्या वर्षी कव्हरवर घराचा नंबर लिहितो, आणि आत एक गाणंच ‘दहाव्या मजल्याला पत्र’ या नावाचं असतं. मला यातच सगळं मिळतं. ‘सोंदर बुलेव्हार्द’ तर नावापासून सुंदर आहे. कोपनहेगनच्या व्हेस्टरब्रो भागात या नावाचा रस्ता आहे. डॅनिशमध्ये सोंदर म्हणजे दक्षिणेकडचा आणि स्वीडिशमध्ये तोच शब्द म्हणजे मोडलेलं, तुटलेलं. आम्स्टरडॅमनंतर तो कोपनहेगनलाही राहिला होता. दोन भाषांच्या मध्ये राहिलेल्या माणसालाच असा शब्द सापडतो. परदेशात संसार मांडलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता माझी अडचण, जिच्यामुळे माझा निर्णय झाला. मी रोज स्टॉकहोमच्या १९ नंबरच्या मेट्रोने जातो. गुलमार्शप्लान स्टेशनच्या पुढे ती उघड्यावरून धावते आणि चांगलाच आवाज करते. २०१२चा अल्बम लावला की गाण्यातली घरघर आणि रुळांची घरघर एक होऊन जातात आणि मध्ये शब्द बुडतो. आवाज वाढवला तर घरघरही वाढते, शब्द तिथेच राहतो. पूर्ण एक हिवाळा मी हे केलं. हेडफोन बदलले, डब्यातली जागा बदलली, सकाळऐवजी संध्याकाळी ऐकून पाहिलं. तेव्हा मी एसएफआयच्या, म्हणजे स्थलांतरितांसाठीच्या स्वीडिशच्या वर्गात शिकत होतो आणि एकेक ओळ कानाने पकडायची धडपड चालू होती. हिवाळा संपला तेव्हा २००५ची गाणी कागद न बघता येत होती, २०१२ची मात्र अर्धी अंदाजानेच. जो माणूस स्वतःची गोष्ट सांगतोय त्याचे शब्दच हातून निसटले, तर मला चुकल्यासारखं होतं.

हा माझ्या कानांचाही दोष असू शकेल. स्वीडिश मातृभाषा असलेल्यांना ही अडचण कदाचित येणारही नाही. घरी बरे स्पीकर असतील, तासभर निवांत बसायची सवय असेल आणि गाण्याचे शब्द समोर ठेवून ऐकणार असाल, तर २०१२चा जरूर घ्या. त्याची उंची वेगळीच आहे. पण भाषा अजून अंगवळणी पडायची असेल, ऐकणं येता-जाताच होत असेल आणि तोस्त्रोमशी नव्याने ओळख करून घ्यायची असेल, तर मी २००५चाच हातात देईन.

माझी २०१२ची तबकडी गेलं वर्षभर एका मित्राकडे आहे आणि मी ती मागितलेली नाही. २००५ची मी कुणाला देत नाही. मागच्या आठवड्यात त्यातलं ‘फानफानफान’ चालू असताना गाडी होग्दालेनला थांबली. मला तिथे काही काम नव्हतं, तरी उतरलो आणि २०९ नंबरपर्यंत चालत गेलो.