अलॉयला घरी मारलेलं रबर कोटिंग, उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा घरच्या गेटमधेच गाडीच्या चारही अलॉय चाकांना अन् ग्रिलला मॅट काळं प्लास्टी डिप मारलं, आता दिवाळी तोंडावर आलीय, म्हणजे सोलापूरचा अख्खा उन्हाळा अन् पावसाळा त्याच्यावरून गेला, म्हणून आत्ता लिहितोय, पहिल्या आठवड्यात तर काय सगळंच भारी दिसतं. माझं मत आधीच सांगतो: चाकं आणि ग्रिलसाठी डोळे झाकून घ्या, बॉनेट अन् टपाला आपल्याकडं मारू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा रंग नाही, पातळ केलेलं रबर आहे. मुळात पक्कड-पान्ह्याच्या मुठी त्यात बुडवायला निघालेलं, अमेरिकेत १९७२ पासून आहे. सॉल्व्हंट उडून जातं, रबराची साल मागं राहते, ती खालच्या पेंटला नुसती धरून बसते म्हणून नंतर सोलता येते.

सगळा खेळ जाडीचा आहे. लोक दोन हात मारतात, काळं दिसलं की थांबतात, अन् मग काढायच्या वेळी बोंब मारतात की तुकडे तुकडे निघतंय. पहिला कोट मुद्दाम विरळ, खालची चांदी दिसत राहिली पाहिजे, त्यानंतरचे ओलसर, पण ओघळ न येता. मी पाच-सहा कोट दिले, मधे अर्धा-अर्धा तास सोडून, एका चाकाला जवळपास एक स्प्रे कॅन गेला. टायर झाकायला पत्त्यांचा जुना कॅट घेतला, एकेक पान रिम आणि टायरच्या फटीत खोचत गेलो, झकास काम होतं. त्याआधी शाम्पू अन् शेवटी आयपीए (आयसोप्रोपिल) अल्कोहोलनं पुसणं, ब्रेकची धूळ राहिली तर तिथं साल धरणारच नाही. मास्क लावा, वास डोक्यात जातो, आणि जवळ गॅस-बिडी काही नको, पेटणारं सामान आहे.

सीझन मात्र सांभाळा. एप्रिल-मेच्या दुपारी पत्रा एवढा तापतो की फवारा बसायच्या आतच वाळतो अन् हाताला खरखर लागते. पावसाळी दमट हवेत पांढुरकं येतं. आपल्याकडं थंडीतली सकाळ, वारा नसताना, उत्तम.

आता महिन्यांचा हिशोब. उन्हानं चाकांचा रंग थोडा उतरलाय पण साल कुठं फुगली नाही. ग्रिल अजून नवीन. उसाच्या ट्रॉल्यांमागं चालून उडालेले खडे झेललेत, त्याचे डाग नाहीत, रबर दबून परत येतं. जिथं गेलं ते नट-बोल्टच्या भोवती, पंक्चरवाल्यानं पाना फिरवला की कडा उचकटल्या. पण तिथं परत फवारलं की नवा थर जुन्यात विरघळून मिसळतो, जोड दिसत नाही, हे मला लई आवडलं.

वॉशिंग सेंटरला दोन गोष्टी बजावून सांगा, प्रेशरचा नोझल कडेवर धरायचा नाही, आणि खालून डिझेल मारताना चाकावर उडवायचं नाही. पेट्रोलनं तर हे सरळ विरघळतं, म्हणून टाकीच्या झाकणापाशी मारायचा नाद सोडा, पंपावरच्या पोराच्या हातून एक थेंब ओघळला की कार्यक्रम. वॅक्स-पॉलिशही नको, मॅटवर चट्टे येतात. नळाला रोज पाणी नसतं म्हणून आपण बोअरचं वापरतो, त्याचे क्षाराचे ठिपके काळ्यावर उठून दिसतात, लगेच मायक्रोफायबरनं कोरडं करायचं, दुसरा इलाज नाही.

मागच्या आठवड्यात एक चाक मुद्दाम सोलून बघितलं. स्पोकवरून हातमोज्यासारखं अखंड आलं, खाली ओरिजिनल चांदी जशीच्या तशी. आतल्या कोपऱ्यात जिथं फवारा कमी पोचला होता तिथं मात्र नखानं खरवडत बसलो, शेवटी डब्ल्यूडी-४० (गंजलेले नट सोडवायचा तेलकट स्प्रे) मारून फडक्यानं घासल्यावर सुटलं.

जुळे सोलापूरचा एक मित्र आता म्हणतोय सगळी गाडीच कॅननं काळी करू. त्याला म्हटलं, बाबा, कॅननं पट्टे पडतील, अख्ख्या गाडीला मोठा डबा अन् स्प्रे गन लागते, शिवाय आरसीवर पांढरा लिहिलेला असताना काळी गाडी फिरवली तर आधी आरटीओत रंगाची नोंद बदलावी लागेल. सध्या त्याला आरशांच्या कव्हरवर पटवलंय.