बायबल डॉट इज (मराठी ऑडिओ): तोतरं बोलणाऱ्यांनी कसं वापरावं

बायबल डॉट इज या फोनवर बायबल ऐकवणाऱ्या अ‍ॅपचं रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे लिहिलंय. ऑडिओ बायबल ऐकायला कसं वाटतं हे सांगणारे खूप जण आहेत, मी लिहितेय ते अडखळत बोलणाऱ्यांसाठी, आणि त्यातही जे मंडळीत, म्हणजे चर्चला, जातात आणि पाळकसाहेबांनी "पुढच्या रविवारी शास्त्रपाठ तू वाच" म्हटलं की ज्यांची झोप उडते, त्यांच्यासाठी.

मी लहानपणापासून तोतरी. शब्द माहीत असतो, अगदी ओठांवर आलेला असतो, आणि पहिल्याच अक्षराला घसा आवळला जातो. प, ब आणि क ही माझी अवघड अक्षरं. आता ख्रिस्ती घरातल्या मुलीला प अडकणं म्हणजे काय ते बघा, प्रभू प वरून, पिता प वरून, पवित्र आत्मा प वरून, पेत्र आणि पौल हे प्रेषित दोघेही प वरून. आणि स्वतःचं नाव सांगणं तर सगळ्यात कठीण, हे आमच्यातल्या खूप जणांना होतं, कारण बाकी शब्द टाळून दुसरे वापरता येतात, नावाचं तसं करता येत नाही. बघायला पाहुणे आले की प्रश्न मला विचारायचे आणि उत्तर आई द्यायची. गॅसचा नंबर लावायचा फोन सुद्धा भाऊच करायचा.

आता अ‍ॅपबद्दल. फेथ कम्स बाय हिअरिंग म्हणून अमेरिकेतली एक ख्रिस्ती सेवाभावी संस्था आहे, न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की शहरात, १९७२ साली एका नवरा-बायकोने सुरू केलेली. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना आपल्या भाषेत वचन ऐकायला मिळावं हा त्यांचा मुख्य उद्देश, आणि आता दोन हजारांहून जास्त भाषांमध्ये त्यांची रेकॉर्डिंग आहेत. बायबल डॉट इज हे त्यांचंच अ‍ॅप, ते फुकट आहे, वायफायवर अध्याय डाउनलोड करून ठेवले की नंतर नेट लागत नाही. मी मराठीत ऐकते ते नवा करार, सोप्या भाषेतलं भाषांतर आणि नाट्यरूपात, म्हणजे येशूचा आवाज वेगळा, पेत्राचा वेगळा, मागे संगीत. अक्षरं स्क्रीनवर दिसतात आणि आवाज चालू असतो. स्पीड कमी-जास्त करता येतो. माझ्यासाठी हा स्पीडचा पर्याय सगळ्यात महत्त्वाचा आहे.

कारण असं की उपासनेत सगळ्यांबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणताना मी कधीच अडखळत नाही. कधीच म्हणजे कधीच. मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणताना नाही, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं गाताना नाही. तोच प, तेच तोंड, तीच मी, आणि "आमच्या स्वर्गातील पित्या" सरळ निघून जातं. लहान असताना मला वाटायचं की चर्चच्या इमारतीतच काहीतरी आहे. नंतर स्पीच थेरपिस्टनी समजावलं की तोतरं बोलणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचंच असं असतं, दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून बोललं किंवा गायलं की अडखळणं बहुतेक थांबतं, याचा जगभर अभ्यास झालेला आहे. तोतरेपणा हा भित्रेपणा नाही, जीभ जाड असते असंही नाही, मेंदूत बोलण्याची जी जुळणी होते तिच्यातला फरक आहे आणि बऱ्याच घरांत तो पिढ्यान्पिढ्या येतो. शंभरात साधारण एका मोठ्या माणसाला तो असतो, पुरुषांमध्ये बायकांपेक्षा बराच जास्त, म्हणून मला माझ्यासारखी दुसरी बाई भेटायला फार वर्षं गेली.

तर हे ऑडिओ बायबल मी ऐकत नाही, त्याच्याबरोबर वाचते. एका कानात इयरफोन, स्पीड थोडा कमी, समोर अक्षरं, आणि त्या वाचणाऱ्याच्या आवाजाबरोबर मोठ्याने वाचायचं. अडकत नाही. मग त्याच अध्यायाला आवाज कमी करायचा, इतका की जेमतेम ऐकू यावा, परत वाचायचं. मग दोन-तीन वचनं आवाज पूर्ण बंद, पुढे परत चालू. बंद असताना अडकले तर अडकले, घाई न करता त्याच अक्षरावर थांबायचं, श्वास सोडायचा आणि हळूच पुढे जायचं. पहाटे घरातले उठायच्या आत मी हे करते, मग तिथेच प्रार्थना. खरं सांगायचं तर आता दोन्ही वेगळं काढता येत नाही, वाचन कुठे संपलं आणि प्रार्थना कुठे सुरू झाली ते.

सुरुवात शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूच्या चरित्रापासून, करू नका, हे आवर्जून सांगते. तिथे पात्रं बदलतात, मध्येच गर्दीचा आवाज येतो, बरोबर वाचणाऱ्याची लय तुटते. नव्या करारातली पत्रं घ्या. तिथे बहुतेक एकच आवाज सलग वाचतो. माझा अर्धा मार्क यातच गेला. नुसतं ऐकणाऱ्याला हे नाट्यरूप फार आवडेल, माझ्या सासूबाई वादळ शांत केल्याचा भाग डोळे मिटून ऐकतात, पण आवाजात आवाज मिसळायचा असेल तर मागचं संगीत आड येतं. आणखी एक, आमच्या मंडळीत बायबल सोसायटीचं जुन्या वळणाचं भाषांतर वाचतात, त्यामुळे घरी सराव एका मराठीत आणि व्यासपीठावर दुसरं मराठी असं होतं. शेवटच्या दोन दिवशी मी मंडळीतलं पुस्तक घेऊन अ‍ॅपशिवाय सराव करते. सोप्या मराठीबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही, उलट. पंडिता रमाबाईंनी केडगावला त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमातल्या बायकांना कळावं म्हणून आख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि या त्याच रमाबाई ज्यांना ऐकायला कमी येत होतं म्हणून इंग्लंडमध्ये डॉक्टरकीचं शिक्षण घेता आलं नव्हतं. कान साथ देत नसताना ज्या बाईने एवढं भाषेचं काम केलं ती आमच्याच मातीतली आहे, याचा मला फार आधार वाटतो.

आता विश्वासाबद्दल, कारण त्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धाच राहील. मला एका प्रार्थनासभेत पुढे उभं करून जिभेवर हात ठेवून प्रार्थना केली होती, आणि नंतर घरी जाताना कुणीतरी म्हणालं की बरी झाली नाही म्हणजे हिचा विश्वास कमी पडला. ते वाक्य मी खूप वर्षं वाहिलं. मग या अ‍ॅपवर करिंथकरांस दुसरं पत्र वाचत होते, बाराव्या अध्यायात ते लिहिणारा पौल सांगतो की शरीरातला काटा काढून टाक म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनंती केली. आणि काटा निघाला नाही. उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरेशी आहे, सामर्थ्य अशक्तपणातच पूर्ण होतं. पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? आणि त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायात लोक त्याच्याबद्दल काय बोलायचे ते आहे, याची पत्रं वजनदार, पण समोर उभा राहिला की हा दुबळा आणि याचं बोलणं कुचकामी. हे मी मोठ्याने वाचलं, आवाजाबरोबर, न अडखळता, आणि मला रडू आलं.

इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्याचंही तसंच. जळत्या झुडपापाशी देव त्याला आपल्या लोकांसाठी पाठवतो तेव्हा तो सरळ म्हणतो की मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे. देव त्याची जीभ हलकी करून देत नाही, मी तुझ्या मुखाबरोबर असेन म्हणतो, आणि तरी तो मागे सरतो तेव्हा सोबत भाऊ देतो, अहरोन. मोशेचं बोलणं सुधारलं असं कुठे लिहिलेलं नाही. पण बायबलमधलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक उघडा, जवळजवळ सगळं मोशेचं भाषण आहे, सगळ्या इस्राएलापुढे केलेलं. म्हणजे कधीतरी तो स्वतः बोलायला लागला. आणि मार्काच्या सातव्या अध्यायातला तो बहिरा, नीट बोलता न येणारा माणूस, त्याला येशू आधी गर्दीतून बाजूला नेतो. बरं करण्याआधी बाजूला नेतो. ज्याला चारचौघांत अडकायची लाज वाटलेली आहे त्यालाच कळेल की ही किती मोठी दया आहे.

तर मी वाचलं. मंडळीत, रविवारी, फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय. त्या पत्राचं नावच मला नको असलेल्या अक्षरांनी भरलेलं. "पौलाचे" वर अडकले, बराच वेळ, माईकवर तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. पूर्वी अशा वेळी मी पुस्तक मिटून खाली आले असते. यावेळी थांबले, श्वास सोडला, परत म्हटलं, आणि पुढे गेले. मध्येही दोनदा अडकले. तेराव्या वचनाशी आले, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकते, आणि ते सलग निघालं, पण ते अडकलं असतं तरी मी वाचलंच असतं, हे मला तिथे उभं असताना पक्कं कळलं होतं. तोतरेपणा गेलेला नाही आणि आता तो जावा म्हणून मी रोज विनवण्या करत नाही. वाचणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आहे. गॅसचा फोन मीच करते.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, अ‍ॅप हा उपचार नाही. लहान मूल अडखळत असेल तर "मोठं झालं की जाईल" म्हणत बसू नका, बऱ्याच मुलांचं जातंही, पण कुणाचं राहणार ते घरी बसून कळत नाही, स्पीच थेरपिस्टकडे लवकर न्या. त्याला मध्येच शब्द पुरवू नका, वाक्य त्यालाच पूर्ण करू द्या. मोठ्यांसाठी द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन आहे, २००८ पासून, त्यांच्या स्वमदत गटांमध्ये कुठल्याही धर्माची माणसं येतात आणि तिथे कुणी तुमच्या विश्वासाचं माप काढत नाही. आणि पाळकसाहेबांना माझी विनंती, तोतरं बोलणाऱ्याला यादीतून परस्पर वगळू नका, आधी विचारा, आणि तो हो म्हणाला तर पाठ आठवडाभर आधी द्या.

ज्यांना आजच करून बघायचंय त्यांनी फिलेमोनाला पत्र घ्या, एकच अध्याय, पंचवीस वचनं. स्पीड कमी, एका कानात इयरफोन, दार लावून, आणि पुटपुटायचं नाही, मोठ्याने वाचायचं.