शनिवारीच फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटपासून सावध राहा, आम्ही ३४ लाखांना शिकलो

लिहू की नको करत चार महिने गेले. मिस्टर म्हणतात कशाला चारचौघांत हसं करून घ्यायचं. पण काल ऑफिसमधली एक मुलगी म्हणाली की ती इथे नाशिकमध्येच, अंबड लिंक रोडच्या बाजूला फ्लॅट बघतेय, कधी जाणार विचारलं तर म्हणे शनिवारी, एजंटने शनिवारच दिलाय. मग मात्र राहवलं नाही.

आम्ही आधी जेलरोडला भाड्याने राहत होतो. बजेट ३५ लाख, त्यामुळे कॉलेज रोड, गंगापूर रोडचे भाव ऐकूनच परत फिरलो. एका ओळखीच्याच्या ओळखीतून हा एजंट मिळाला, बोलायला एकदम गोड, ताई ताई करणारा. सहा वर्षं जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, टू बीएचके, ३४ लाख, मालकाची पुण्याला बदली झालीये म्हणून अर्जंट आहे आणि म्हणून भाव कमी. आता कळतं की तो भाव कमी नव्हताच, तो बरोबरच होता.

नाशिकमध्ये घर घेताना सगळे पहिला प्रश्न विचारतात तो पुराचा. २००८ चा पूर आणि २०१९ च्या ऑगस्टमधला गोदावरीतला दुतोंड्या मारुती पूर्ण बुडालेला ज्यांनी बघितलाय ते विचारणारच. आम्हीही तेच विचारलं. त्याने लगेच मोबाईलवर नकाशा काढला, नासर्डी नदी कुठून जाते, निळी रेषा कुठे, लाल रेषा कुठे, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत नवीन बांधकामच करता येत नाही, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि आपली बिल्डिंग दोन्हीच्या बाहेर. मिस्टरांनी महापालिकेत ओळखीच्या माणसाकडून खात्री करून घेतली, शंभर टक्के खरं निघालं. आजही खरंच आहे. फसलो ते इथेच, कारण एवढं खरं बोलणारा माणूस बाकीचंही खरंच बोलणार असं आम्ही धरून चाललो.

भंगार बाजाराचंही तसंच. मी म्हटलं, इकडे ते भंगारवाले असतात ना? तो हसला, ताई ते तर २०१७ च्या जानेवारीत महापालिकेने बुलडोझर लावून उठवलं, पेपरला आलेलं की. तेही खरं. नंतर हळूहळू परत दुकानं लागली, हे मात्र त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

फ्लॅट आम्ही तीन वेळा बघितला. जुलैमध्ये दोनदा, ऑगस्टमध्ये एकदा, तिन्ही शनिवार. मिस्टर बँकेत, त्यांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, त्यामुळे आम्हालाच सोयीचं वाटत होतं. एकदा मी म्हटलं पण की रविवारी येऊ का, तर म्हणे रविवारी मालक गावाला जातात, चावी मिळत नाही. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते हे नाशकात राहून आम्हाला माहिती नव्हतं का? माहिती होतं! माझा सख्खा दीर सातपूरला कामाला आहे, शनिवारी घरी असतो. पण डोक्यात ते जोडलंच गेलं नाही.

मागच्या बेडरूमला जाड काचेच्या नव्याकोऱ्या खिडक्या. मी खूश, म्हटलं मालकाने खर्च केलाय. सहा वर्षांच्या बिल्डिंगमध्ये फक्त मागच्या बाजूच्याच खिडक्या का बदलल्या असतील, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. खिडकीबाहेर झाडं, त्यामागे पत्र्याची लांबलचक शेड. एजंट म्हणाला गोडाऊन आहे. आणि हो, मागच्या गॅलरीत कुणाचेच कपडे वाळत नव्हते, अख्ख्या बिल्डिंगमध्ये. सगळ्यांचे पुढे. हे मी बघितलं होतं, मला आठवतंय, पण वाटलं मागे ऊन येत नसेल.

शेजारचे काकाही भेटले, एजंटनेच भेटवले. फार छान वस्ती, पाणी भरपूर, शांत एकदम. त्याच काकांनी आम्ही राहायला आल्यावर तीन महिन्यांत स्वतःचा फ्लॅट विकला, आमच्या व्यवहाराचा भाव दाखवून.

५१ हजार टोकन दिलं, नॉन रिफंडेबल. बँकेचा व्हॅल्युअर आला, वकिलाने सर्च रिपोर्ट काढला, सगळं क्लिअर. मला वाटायचं बँक एवढं तपासते म्हणजे घर चांगलं. बँक बघते टायटल आणि किंमत, म्हणजे तिचे पैसे बुडणार नाहीत एवढं. तुम्हाला तिथे झोप लागेल का हे तिच्या फॉर्ममध्ये कुठेच नसतं.

नोव्हेंबरमध्ये वास्तुशांत केली. मुहूर्त निघाला शनिवारचा! सगळे पाहुणे म्हणाले किती शांत आहे गं. त्या रात्री छान झोपलो. रविवारी सकाळी सातला धप्प. मग तीन-चार सेकंदांनी परत धप्प. सासूबाई उठून बाहेर आल्या, त्यांना वाटलं भूकंप. फडताळातले स्टीलचे डबे एकमेकांना लागून किणकिण वाजायला लागले. ते गोडाऊन नव्हतं, प्रेस शॉप होतं, पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या मोठ्या पॉवर प्रेस, आणि ऑर्डर असली की तिसरी शिफ्टपण चालते. खिडक्या लावल्या की आवाज कमी होतो पण हादरा जमिनीतून येतो त्याला काच काय करणार.

धुराचं कळायला अजून पंधरा दिवस लागले. रात्री अकरानंतर कुठेतरी वायर जाळतात, आतलं तांबं काढायला. पावसाळ्यात वारा असतो, धूर उडून जातो, पाऊस सगळं धुऊन काढतो, त्यामुळे जुलैमध्ये नाकाला काही लागलं नाही. थंडीत आपल्याकडे रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, धूर वर जातच नाही, पसरतो आणि घरात शिरतो. धाकट्याचा खोकला जानेवारीपर्यंत गेला नाही. सकाळी ओटा पुसला की फडकं काळं.

कोपऱ्यावरच्या टपरीवाल्या दादांना मी वैतागून सांगत होते तर ते म्हणाले, ताई तुम्ही पण शनिवारची पार्टी का. म्हटलं म्हणजे? म्हणे आम्ही तसंच म्हणतो, शनिवारी गाडीतून उतरून वर बघत बघत जातात ते. तुमच्या आधी दोन-तीन पार्ट्या येऊन गेल्या, एक जण मंगळवारी परत आला होता एकटाच, चहा प्यायला आणि निघून गेला. त्या माणसाला मला एकदा भेटायचंय.

एजंटला फोन केला. आवाज चढवला नाही त्याने, शांतपणे म्हणाला एमआयडीसी जवळ आहे हे तुम्हाला माहिती होतं ना ताई, मी खिडकीतून दाखवलं पण होतं. दोन टक्के, म्हणजे ६८ हजार, त्याने आमच्याकडून घेतले होते, मालकाकडून किती ते देव जाणे.

वकिलाकडे गेलो. ते म्हणाले हा रिसेल आहे, बिल्डरकडून घेतला असता आणि त्याने जाहिरातीत खोटं लिहिलं असतं तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली काही मागता आलं असतं. इथे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चा, त्याचं कलम ५५. मालमत्तेतला मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच पाहिजे, पण कुठला दोष, तर घेणाऱ्याने साधारण काळजी घेऊनही जो सापडला नसता तो. तुम्ही बुधवारी आला असता तर ऐकू आलं असतं ना, मग काय सांगणार कोर्टाला? तोंडात मारल्यासारखं झालं.

कंपनीविरुद्ध तक्रार करायची म्हटली तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि औद्योगिक भागाला ७०. शेड त्यांच्या जागेत, औद्योगिक झोनमध्ये, आमच्या बिल्डिंगच्या कितीतरी आधीपासून. आमची कंपाउंड वॉल म्हणजेच झोनची हद्द. हे राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेत, नगररचनाच्या नकाशात दिसलं, आमचा गट पिवळा, म्हणजे राहता, आणि भिंतीपलीकडे जांभळा, म्हणजे औद्योगिक. सर्व्हे किंवा गट नंबर देऊन झोन दाखला टोकन द्यायच्या आधी काढता येतो. फक्त आपल्या प्लॉटचा नको, चारही बाजूंचे रंग बघा. सॅटेलाइट नकाशात पत्र्याची छपरं तर घरबसल्या दिसतात, तेवढंही आम्ही केलं नाही.

त्या मुलीला मी सांगितलं, शनिवारी जा हवं तर, पण मंगळवारी रात्री अकराला परत जा, एजंटला न सांगता, गाडी बंद करून अर्धा तास बस. मालकांशी बोलू नकोस, भाडेकरूंशी बोल, त्यांना भाव पडायची भीती नसते. इस्त्रीवाल्याला विचार, कपडे कुठे वाळतात ते बघ, टेरेसवर जाऊन टाकीच्या झाकणावरून बोट फिरव.

हप्ता साडेतेवीस हजार. विकायला काढलाय आम्हीपण. मागच्या आठवड्यात एका दुसऱ्याच एजंटचा फोन आला, मॅडम पार्टी आहे, शनिवारी आणू का? मी म्हटलं मंगळवारी आणा, रात्री साडेदहाला. तो हसला, त्याला चेष्टाच वाटली. परत फोन आला नाही. मिस्टर अजून बोलतात, शनिवारी हो म्हणाली असतीस तर सुटलो असतो.